मंगलच्या टेपचा पहिला इंच

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "महिला उद्योजिका म्हणून तुमचा प्रवास लिहा." मला कोणी उद्योजिका म्हटलं की मी मागं वळून बघते, दुसरी कोणी आली की काय म्हणून. मी चौसाळ्याला हायवेच्या कडेला ब्लाऊज शिवते. प्रवास म्हणाल तर घर ते दुकान, मध्ये एक पानटपरी आणि एक खताचं दुकान लागतं. तेव्हा प्रवास राहू द्या, कामाचं सांगते.

ब्लाऊज हा सगळ्या कपड्यांत भांडखोर कपडा. पँट सैल झाली तर पुरुष पट्टा आवळतो. साडी तर कुणालाही बसते. ब्लाऊजला मात्र बोटभर चूक चालत नाही, आणि झालेली चूक बाई विसरत नाही. लग्नाच्या फोटोत नवरा कसा दिसतो हे पुढं कोणी पाहत नाही, पण खांद्यावरची चुणी मुलांची लग्नं होईपर्यंत दिसत राहते.

ज्यांनी कधी मशीनला पाय लावला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ब्लाऊजचं कापड घडी घालून कापतात. त्यामुळं अंगावर जे माप घेतलं त्याचा चौथा भागच टेबलावर मोजायचा असतो. म्हणजे टेबलावर एक इंच चुकला की अंगावर चार इंच चुकतात. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात ती माया. बाई अंगानं भरली की ती उसवायची, ब्लाऊज सैल होतो. बाकी टक्स, कटोरी, अस्तर, हुक यांचं शास्त्र आहे, पण ते शिकायला दुकानात यावं लागेल.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकदा एक गडी आला. बायकोला न सांगता तिच्यासाठी ब्लाऊज शिवायचा होता. माप काय, तर माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमच्यापेक्षा जरा बारीक, पण उंचीला लई न्हाई." मी म्हटलं, बाबा, मापाचा एखादा जुना ब्लाऊज घेऊन ये. गडबडीत त्यानं दोरीवरनं आईचा ब्लाऊज आणला. मी इमानानं शिवला. तो आईला असा काही बसला की तिनं तो परत दिलाच नाही, आणि बायको महिनाभर माझ्या दुकानासमोरून तोंड फिरवून जायची.

एका पुढाऱ्याच्या बायकोला ब्लाऊजच्या आत फोनचा खिसा हवा असतो आणि सभेत दोन्ही हात वर करून नमस्कार केला तरी बाही हलता कामा नये. निवडणूक आली की दंड घेरानं वाढलेले असतात, तेवढी सवलत मी आधीच धरते. हल्ली सगळ्याच पोरी फोनमधला फोटो दाखवतात. फोटोतल्या बाईची पाठ आणि आपली पाठ यातला फरक सांगण्याचं काम माझ्याकडं येतं, आणि त्याची शिलाई वेगळी मिळत नाही.

मला सगळ्यात आवडतात ऊसतोडीला जाणाऱ्या बाया. दिवाळीच्या मागंपुढं गाड्या भरायच्या आधी त्या येतात. कोयता चालवायचा तर काखेत मोकळं हवं आणि शिवण दुहेरी हवी. ब्लाऊज घातल्यावर त्या आरशात बघत नाहीत. दोन्ही हात वर घेतात आणि जोरात खाली झटकतात. शिवणीनं आवाज केला नाही म्हणजे ब्लाऊज पास. याच्यापेक्षा सरळ परीक्षा मला कोणी घेतलेली नाही, आणि तिच्यात मी सहसा नापास होत नाही.

हे काम एकटीचं. दार पुढं करून, भिंतीकडं तोंड करून करायचं. एका गावात शिवणाऱ्या दोघी असल्या की एकमेकींकडं सवतीसारखं बघायच्या. कागदाचे फर्मे, म्हणजे ज्यांवरून कापड कापायचं ते नमुने, आम्ही गादीखाली लपवायचो. आमच्या गल्लीत पूर्वी एक जण शिवायची. हात माझ्यापेक्षा सफाईदार. तिची पाठ गेली, बसवेना. भर लग्नसराईत घेतलेली कामं पडून राहिली आणि गिऱ्हाइकांनी दारात येऊन नको ते बोलून कापडं नेली. तिच्या मदतीला जावं असं आमच्यातल्या कुणाच्या मनातही आलं नाही. तशी रीतच नव्हती. पुढं तिचं मशीन मी भंगारवाल्याच्या गाड्यावर पाहिलं. चाकावर तिनं लाल रंगानं फूल काढलेलं होतं, म्हणून ओळखू आलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आम्ही शिवणाऱ्या बाया आता दर महिन्याला एकत्र बसतो, पण ही बैठक अशा चांगल्या भावनेतून सुरू झाली नाही. ती एका लबाड गिऱ्हाइकामुळं सुरू झाली. बीडला अस्तराच्या दुकानात मी आणि शकुंतला एकाच मरून रंगाच्या ताग्यावर हात ठेवून उभ्या होतो. शकुंतला शाळेच्या मागं शिवते. कापण्यात तिचा हात आमच्या भागात कोणी धरत नाही, आणि ते तिला माहीत आहे. आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. तीच फणकाऱ्यानं म्हणाली, "आक्का, त्या मास्तरणीचा गळा कावून बिघडवला तुमी? मला फुकट नीट करून द्यावा लागला."

मी म्हटलं, "मी? ती तर मला म्हणली, तुमी बिघडवला. मी बी फुकटच नीट केला."

दोघींनी हिशोब जुळवला. मग अशा हसत सुटलो की दुकानदाराची कात्री वाकडी गेली. परत येताना एकाच जीपमध्ये बसलो. चौकशी केली तर शबानाभाभीकडंही त्या बाईचा एक गळा येऊन गेलेला. शबानाभाभी मशिदीच्या रस्त्याला पिको-फॉल करते आणि हातशिलाईत तिला तोड नाही.

अशा गिऱ्हाइकांची खबर एकमेकींना द्यायला महिन्यातून एकदा बसायचं ठरलं, आणि बैठकीला दिवस धरला अवसेचा. आमच्याकडं अमावास्येला नव्या कापडाला कात्री लावत नाहीत, गिऱ्हाईकही कापड आणत नाही. मोकळा असा तेवढाच दिवस. शबानाभाभी म्हणाली, "मला तुमची अवस न्हाई, पर गिऱ्हाइकं तुमचीच हायत. ती येत न्हाईत म्हंजे माजी बी सुट्टीच."

पहिल्या बैठकांत सगळ्या खोटं बोललो. ज्या-त्या बाईकडं काम उतू चाललेलं, कुणालाच कसली अडचण नाही. हळूहळू एकीनं कबूल केलं की तिला कटोरी जमत नाही. दुसरीला मशीन दुरुस्तवाला फसवत होता. मग दुरुस्तवाल्याला सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी बोलवायला लागलो, तेव्हा तोही सुधारला. मध्ये कोणी साहेब आले, आमच्या मागं बॅनर लावून फोटो काढला आणि बॅनर परत घेऊन गेले. पुढं सावड सुरू झाली. सावड म्हणजे शेतात जसं आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या रानात, तसं. एकीवर काम चढलं की बाकीच्यांनी जाऊन बसायचं. तिनं पुढं आपल्या कामात ते फेडायचं.

मंगल आमच्यात सगळ्यात धाकटी. गावाबाहेर वस्तीवर राहते. घरी मेंढरं आणि शेळ्या. नवरा आणि सासू जनावरांमागं, आणि ही पत्र्याच्या शेडात मशीनवर. सासूला ते बघवत नव्हतं. या लग्नसराईच्या तोंडावर तिनं सांगून टाकलं होतं, "ही सराई बघते. मशीन चाललं तर ऱ्हाईल, न्हाईतर इकून शेळ्या घेऊ. शेळी निदान पिल्लं तरी देती." मंगलला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. शेजारच्या वाडीतल्या बागाईतदाराच्या मुलीचं लग्न. नवरीचे ब्लाऊज, करवल्यांचे, मावश्यांचे, सगळे तिच्याकडं. सगळ्यांची मापं घेऊन तिनं प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यावर खडूनं आकडे लिहून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी कापायला बसणार, तर गोठ्यात घसरून उजवं मनगट मोडलं.

ती बीडला दवाखान्यात गेली आणि सूज उतरेपर्यंत बहिणीकडंच राहिली. तिथून मला फोन केला. रडत नव्हती, नुसतं म्हणत होती, "आक्का, कापडं माघारी गेली की मशीन बी जातंय." मला ते लाल फुलाचं चाक आठवलं. मी शकुंतलेला फोन लावला.

मंगलच्या सासूनं कापडं बाहेर नेऊ दिली नाहीत. "लोकाचं कापड उंबऱ्याभाईर जानार न्हाई," एवढंच म्हणाली. मग आम्हीच दोन मशिनं टेम्पोत घालून शेडात नेली. शकुंतला कापणार, बाकीच्या शिवणार, शबानाभाभी हातशिलाई करणार, असं ठरलं. मला मोतीबिंदूमुळं आता कापायचं जमत नाही. हुक बोटांच्या अंदाजानं लागतात, ते मी लावत होते. सासू दारात बसून सगळं बघायची. चहा द्यायची, पण बोलायची नाही.

काम झरझर उरकलं. अवसेच्या सकाळी सगळे ब्लाऊज दोरीवर टांगलेले होते. लग्न तिसऱ्या दिवशी. दुपारी नवरी घालून बघायला येणार होती. आम्ही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. तेवढ्यात मंगल बीडहून आली, हात गळ्यात बांधलेला. दोरीजवळ गेली आणि डाव्या हातानं एक ब्लाऊज पसरून बघितला.

"हा कुणाचा?"

"नवरीचा," शकुंतला म्हणाली.

"येवढा तंग?"

"तुज्याच मापानं कापलाय. खडूनं लिवलेलं हुतं तसाच."

मंगलनं टेबलाकडं बघितलं. तिचा चेहरा उतरला. "शकुताई, टेप कोंची घेतलती?"

शकुंतलेच्या गळ्यात कायम तिची टेप असते. पण ती मंगळसूत्रात अडकते, म्हणून कापताना ती टेबलावर दिसेल ती टेप उचलते. इथंही मंगलची टेप उचलली होती. तिच्या टोकाला निळ्या कापडाची छान गोट शिवलेली.

"त्या टेपचा पैला इंच न्हाई," मंगल म्हणाली. "शेळीनं खाल्लाय."

कोणी हसलं नाही. शेळीनं टेपचं टोक चघळलं होतं, हिनं चोथा कापून टाकला आणि गोट शिवली. मोजताना आपोआप एक इंच वजा धरायची तिच्या हाताला सवय झाली होती. शकुंतलेला काय ठाऊक? टेपचं टोक कोणी बघत नाही, हवा तो आकडा बघतात. टेबलावर प्रत्येक ठिकाणी एक इंच कमी पडला होता. अंगावर चार.

शकुंतला ताडकन म्हणाली, "मग सांगायचं न्हाई का कुणाला?"

"कुणाला सांगू?" मंगल म्हणाली. "मी एकलीच तर शिवते."

दारातली सासू सगळं ऐकत होती. एकीनं हळूच सुचवलं की हाताचं निमित्त सांगून उद्यावर ढकलू. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि नवरीची आई नवरीला घेऊन आत आली. आम्हाला बघून थबकली.

"काय झालं? येवढ्या जनी कावून बसल्यात?"

मी तोंड उघडायच्या आत मंगल पुढं झाली. "काकी, समदे बिलाऊज तंग झालेत. माज्या टेपमुळं. टेप तुटकी हाय."

मागून शकुंतलेचा आवाज आला. "कात्री माजी हुती, काकी. तिचा तर हात गळ्यात हाय."

शकुंतलेनं आपली चूक कबूल केलेली मी तोपर्यंत कधी ऐकली नव्हती. नवरीच्या आईनं दोघींना जे ऐकवायचं ते ऐकवलं, ते इथं लिहीत नाही. दिवाळी अंक घरातली पोरंही वाचतात. ती बोलत असतानाच शबानाभाभीनं नवरीचा ब्लाऊज उसवायला घेतला होता. "काकी, बोलून झालं आसंल तर नवरीला हिकडं धाडा," ती म्हणाली. "अंगावर माप घेते. माज्या टेपनं."

माया उसवून मोठं अंतर भरून निघालं. शकुंतला कापताना माया सोडायला कधी हात आखडत नाही, तेच त्या दिवशी कामाला आलं. बाकी ब्लाऊज तेवढ्यावर भागले. नवरीचा मात्र भागेना. त्याला दोन्ही बाजूंनी काठाची पट्टी लावायची तर उरलेलं कापड कापायला हवं होतं. शकुंतलेनं कात्री उचलली आणि खाली ठेवली. नवरीची आई म्हणाली, "आज अवस हाय. नवरीच्या कापडाला आज कात्री लागायची न्हाई, सांगून ठिवते." उद्या हळद होती. उद्या कापून शिवायचं म्हटलं तर काम पुरं होणार नव्हतं.

शबानाभाभीनं हात पुढं केला. "अवस तुमची, काकी. कात्री माजी, हात माजा. काय लागलंच तर मला लागंल."

नवरीच्या आईनं खुर्ची उचलली, भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि बसली. "मी काय बगितलं न्हाई," ती भिंतीला म्हणाली. नवरी फोनमध्ये डोकं घालून बसली होती, तिला तर अवस कधी असते हेही माहीत नसावं.

ऊन कलायच्या आत सगळे ब्लाऊज झाले. लग्नाला आम्ही गेलो. जेवणावर लक्ष नव्हतं. हार घालायला नवरीनं दोन्ही हात वर केले तेव्हा आम्ही सगळ्या तिच्या काखेकडं बघत होतो. शिवण टिकली. नवरीची आई पुन्हा मंगलकडं आली नाही, हेही सांगायला पाहिजे. ती आता शबानाभाभीकडं जाते. जगाची रीत आहे, कुणाला काय म्हणणार.

पुढच्या अवसेला बैठक माझ्या दुकानात होती. मधल्या काळात आमच्यात कुजबुज झाली होती. सावड नको, आपापलं बघावं, असं दोघी-तिघी म्हणत होत्या. त्यांचंही चूक नव्हतं. आम्ही एकत्र बसलो नसतो तर ही भानगड झालीच नसती. मंगलनं त्याच टेपनं कापलं असतं आणि सगळं नीट बसलं असतं. मंगल येऊन कोपऱ्यात बसली. शकुंतला येते की नाही याचा भरवसा नव्हता.

ती आली. चहाही न घेता तिनं गळ्यातली टेप काढली. ती नेहमीसारखी मंगळसूत्रात अडकली, ती तिनं चिडून सोडवली आणि फरशीवर सरळ अंथरली. "घाला समद्यांनी," ती म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी आपापल्या टेपा तिच्या शेजारी लावून अंथरल्या. दोन टेपा सारख्या निघाल्या नाहीत. जुनी टेप ओढून ओढून लांबते. माझी शेवटाला चांगलीच लांबली होती. खुद्द शकुंतलेचीही लांबलेली निघाली. तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मंगलच्या टेपचा पहिला इंच शेळीच्या पोटात गेला होता, पण उरलेल्या खुणा दुकानातल्या नव्या टेपशी अगदी जुळत होत्या.

एकटीनं काम करताना कुणाचीच टेप चुकीची नसते. त्याच टेपनं मापायचं, त्याच टेपनं कापायचं, चूक चुकीत जिरून जाते. दुसरीची टेप शेजारी आली तरच ती दिसते. मी इतकी वर्षं शिवते आणि हे मला शेळीकडून शिकावं लागलं. आता दर दिवाळीच्या आधीच्या अवसेला आम्ही टेपा अंथरतो. जुन्या फेकतो आणि सगळ्यांसाठी एकाच गठ्ठ्यातल्या नव्या आणतो. फर्मेही आता गादीखाली नसतात. माझा बाहीचा फर्मा शकुंतलेकडं आहे, परत देत नाही, तो भाग वेगळा.

त्या दिवशी टेपा गुंडाळताना मी मंगलला विचारलं, मशीनचं काय झालं. शेळ्यांचा दलाल वस्तीवर येऊन गेल्याचं मी ऐकलं होतं.

"आलता की," मंगल म्हणाली. "सासूनं माघारी लावून दिला. मला म्हणली, आमी मेंढरं घिऊन लांब जातो तवा एकल्याचा वाडा कुनी लावतंय का? चार घरं मिळूनच लावत्यात. एकल्याचं कोकरू लांडगं न्हेतं. मला वाटलं तुजं एकलीचंच हाय, म्हून मशीन इकाया निघालते. तुजा बी वाडा हाय की." जनावरांचा रात्रीचा मुक्काम म्हणजे धनगरांचा वाडा. आमच्या बैठकीला इतकी वर्षं नीट नाव सापडत नव्हतं, साहेबांनी बॅनरवर घातलेलं तर आम्हाला उच्चारताही येत नव्हतं. ते मंगलच्या सासूनं दिलं.

नंतर एकदा मंगलच्या शेडात गेले होते. हात बरा झाला होता, मशीन चालू होतं. तिची सासू मध्ये नारायणगडाला दर्शनाला गेली होती, तिनं येताना बाजारातून सुनेसाठी नवी टेप आणली. शेडात पत्र्याखालच्या आडव्या लाकडाला स्वतः खिळा ठोकून तिथं टांगली. शेळी पोचणार नाही इतक्या उंच. मंगलही तिथं पोचत नाही. सासू चांगली उंच आहे. टेप लागली की मंगल मशीनवरून हाक मारते, आणि सासू हातातलं काम टाकून आत येते आणि टेप काढून देते.